कमरेत दोन इंच

११ जानेवारी

गुंडी,

मावशीने तुझी अट सांगितली. फोन नाही, पत्रं. सहा महिने. आणि त्या पत्रांत तू काय खातेस, किती खातेस, तुझं वजन किती, यातलं एक अक्षर नाही. तुझ्या छोटीच्या खाण्याबद्दलही नाही. हे जमलं तर मी एका रविवारी तुझ्या घरी जेवायला यायचं. नाही जमलं तर सात वर्षं चाललंय तसंच पुढे चालू.

मावशी म्हणाली, "ताई, हे तुला जमायचं नाही. तुझ्या जिभेला हाड नाही." मी म्हटलं, जिभेला नसलं तरी पेनाला टोपण आहे. तेव्हा हे पहिलं पत्र. मला यायचंय, गुंडी. नात पाच वर्षांची झाली आणि मी तिला फक्त मावशीच्या मोबाइलवर बघितलंय, तीही अंगठ्याएवढी. तिच्याबरोबर एकदा जेवायला बसायचंय. याच्यापलीकडे मला काही मागायचं नाही.

इथे खाली दीड ओळ खोडली आहे, ती उजेडात धरून वाचू नकोस. हात सवयीने गेला.

तर आता माझंच सांगते, त्याला तुझी बंदी नाही. गुडघे गेले. शिलाई मशीनला पाय मारता मारता डावा गेला आणि त्याला सांभाळता सांभाळता उजवा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी बारा किलो उतरवून या, नाहीतर नवा गुडघासुद्धा वर्षभरात तक्रार घेऊन माझ्याकडे येईल. आणि मला पाठवलं आहार सांगणाऱ्या बाईकडे. तळमजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला तिची खोली. टेबलावर प्लॅस्टिकची फळं. पोरगी तुझ्या वयाची असेल. मी जायच्या आधीच तिचं नाव काकडीबाई ठेवून टाकलं होतं, कारण दुसरं काय देणार ती?

तर ती मला विचारते, "काकू, तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?" मला वाटलं, सापळा आहे. तरी खरं सांगितलं. गरम पाव, त्यावर लोणी, वर साखर. ती म्हणाली, "मग ते बंद करायचं नाही. रोज एक खायचा. पण खुर्चीवर बसून, हातात दुसरं काही न घेता, वीस मिनिटं लावून." मी म्हटलं, बाई गं, वीस मिनिटांत मी दोन पँटींना चेन लावते. ती हसली नाही. तिने विचारलं, सध्या कुठे बसून खाता? मी म्हटलं, बसते कुठे? मशीनपाशी उभ्याने, एका हातात कात्री असते. काल किती पाव खाल्ले? गुंडी, मला आठवेना. खोटं नाही सांगत, खरंच आठवेना. मला गिऱ्हाइकाच्या तीन वर्षांपूर्वीच्या कोटाचा खांदा आठवतो, पण काल तोंडात काय घातलं ते आठवत नाही.

बरं वाटतंय लिहून. तू वाचशील की नाही ते तुझं तू बघ.

आई


२ फेब्रुवारी

गुंडी,

मावशी सांगत होती की पत्र पोचलं आणि तू ते फाडलं नाहीस. एवढं पुरे.

काकडीबाईचा अभ्यास सुरू केला. आधी टेबल मोकळं करावं लागलं. तेच, ज्याच्यावर तू गृहपाठ करायचीस. त्याच्यावर अकरा वर्षांच्या चिंध्या, कागदी नमुने आणि टाचण्यांचे चार डबे होते. सगळं उचलून पलंगावर टाकलं आणि एक बशी, एक पाव घेऊन बसले. घरात आवाज नाही, मशीन बंद. मला उगाच पाहुणी आल्यासारखं वाटत होतं. कोणी बघितलं तर म्हणेल, म्हातारीला वेड लागलं, पावाशी बोलतेय.

पहिला घास कधी गेला कळलंच नाही. गिळून झाल्यावर लक्षात आलं की अरे, बघायचा राहिला. दुसरा मात्र हातात धरला. लोणी कडेकडेने वितळत होतं, मधे अजून घट्ट होतं. साखर काही ठिकाणी बुडाली होती, काही ठिकाणी वर चमकत होती. काकडीबाईने सांगितलंय, साखरेचा दाणा जिभेवर विरघळेपर्यंत चावायचं नाही. तसा धरून बसले. आणि मला रडू आलं.

भुकेने नाही. तू आठवलीस म्हणून. चार वर्षांची असशील. याच टेबलाशी, पाय खाली पोचत नव्हते. आधी बोटाने साखर टिपायचीस, मग लोण्याच्या कडेला जीभ लावायचीस, मग डोळे मिटून एक घास. मग डोळे उघडून बशीकडे बघायचीस, आहे ना अजून, म्हणून. एक पाव अर्धा अर्धा तास. आणि मी कात्रीची मूठ टेबलावर आपटायचे. "गुंडी, आटप. बघत काय बसलीस, गिळ." पुढे तू जरा भरलीस, तेव्हा म्हणायला लागले, "एवढा जीव लावून खातेस ना, म्हणून अंगाला लागतं." मग तू भराभरा खायला लागलीस. आणि नंतर माझ्यासमोर खाणंच बंद केलंस. जिन्याखालच्या कपाटात रिकामे पुडे सापडले तेव्हा मी किती बोलले, ते मला शब्दन् शब्द आठवतंय. तुलाही आठवत असणार, म्हणून परत लिहीत नाही.

काकडीबाईला सांगितलं की माझी मुलगी लहानपणी अशीच खायची. ती म्हणाली, "मग तिला शिकवायची गरजच नव्हती. तुम्ही तिचंच बघून शिकला असतात." मी उठून व्हरांड्यातल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. गुडघे दुखत होते म्हणून नाही बसले.

दोन किलो उतरलेत. हे माझं वजन आहे, तुझं नाही, तेव्हा अट मोडलेली नाही.

आई


२४ फेब्रुवारी

गुंडी,

आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा अक्षर वेडंवाकडं येईल.

उतरलेल्या दोनातला दीड किलो परत आला. काल दुपारी मी उभ्याने चार पाव खाल्ले. लोणी लावायलासुद्धा थांबले नाही, नुसतीच साखर भुरभुरली. काकडीबाई म्हणते, स्वतःला बोलायचं नाही, फक्त कशामुळे झालं ते बघायचं. मोठी उंटावरची शहाणी. पण बघितलं.

काल एक गिऱ्हाईक आलं होतं. आई आणि पंधरा वर्षांची मुलगी. मुलीला शाळेच्या समारंभाला ड्रेस हवा होता. मी टेप लावला तर पोरीने श्वास रोखला, पोट पाठीला टेकवलं. आई बाजूला खुर्चीत. मला म्हणाली, "कंबर जरा घट्टच ठेवा हो. निदान त्या धाकाने तरी कमी खाईल." पोरगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मी माप लिहून घेतलं, ड्रेस न्यायचा वार सांगितला, त्यांना दारापर्यंत सोडलं. आणि आत येऊन ते चार पाव.

या निमित्ताने एक लिहिते. तुझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी चारचौघांत तुला जे बोलले, ते बोलायला नको होतं. चूक तुझी नव्हती. टेपची होती. जुना टेप, कापडी, ताणून ताणून लांबला होता. त्याने मी शिवलेल्या तुझ्या लग्नाच्या ड्रेसच्या कमरेत दोन इंचांचा फरक पडला. हे मी तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगते. मोठ्या माणसाला चूक कबूल करायला वेळ लागतो, समजून घे.

मावशीला विचारलं, गुंडीने काही निरोप दिलाय का? नाही म्हणाली.

आई


१७ मार्च

गुंडी,

तीन आठवडे हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. आज फाडणार नाही.

टेपची गोष्ट खोटी आहे. तू शिंप्याच्या घरातली पोर, मशीनखाली चिंध्या गोळा करत वाढलेली. तुला काय कळणार नाही? ज्या टेपने अंगाचं माप घेतलं त्याच टेपने कापड कापलं, मग टेप ताणलेला असो नाहीतर आखडलेला, फरक पडतोच कुठे? एवढी साधी गोष्ट खोटं लिहिताना माझ्या लक्षात आली नाही. हात दाखवून अवलक्षण.

खरं असं आहे. तुझी कंबर बत्तीस होती. मी बत्तीस मोजली, वहीत बत्तीस लिहिली आणि कापड तीसवर कापलं. मुद्दाम. तीन आठवडे होते लग्नाला, मला वाटलं तेवढ्यात होईल. आणि तू मावशीकडे जाऊन सैल करून घेऊ नयेस, म्हणून शिवणीच्या आत जी माया ठेवतात, ती ठेवलीच नाही. नवशिकासुद्धा एक बोटभर ठेवतो. मी टीप मारून झाल्यावर आतलं सगळं कापड कातरून टाकलं, दोऱ्याला लागून. चाळीस वर्षांत असा एकच कपडा शिवला मी.

ते तीन आठवडे तू काही खाल्लं नाहीस, ते मी बघत होते. तू सकाळी नुसता चहा प्यायचीस. जिन्यात भिंत धरायचीस. मी बघत होते आणि मनातून खूश होते. हो, खूश होते.

त्या सकाळी चेन चार बोटं खाली अडली. मावशी म्हणाली, "ताई, उसव की बाजूने, दहा मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, आत काही नाही उसवायला. ती माझ्याकडे बघतच राहिली. खोलीत सात-आठ बायका होत्या. तेव्हा मी घाबरले, गुंडी. सगळ्यांना कळेल म्हणून घाबरले. आणि म्हणाले, "माप बरोबरच होतं माझं. हिलाच तोंडावर ताबा ठेवता आला नाही." तू मावशीचा तपकिरी ड्रेस घालून लग्नाला उभी राहिलीस. त्याचा खांदा तुला मोठा होता. तू रडली नाहीस. मी फोटोंत बघते तर तू प्रत्येक फोटोत दोन्ही हात पोटावर धरून उभी आहेस.

तुझे बाबा मला चारचौघांत पिंप म्हणायचे. पाहुणे आले की हमखास. सगळे हसायचे आणि मीही हसायचे, सगळ्यांच्या वर आवाज काढून. तू पोटात असताना मी ठरवलं होतं की मुलगी झाली तर तिला कोणी हसणार नाही. हे सांगून माझं पाप हलकं होत नाही. पण तुला माहीत नव्हतं, म्हणून सांगते.

परवा ती पंधरा वर्षांची मुलगी ड्रेस न्यायला आली. घट्ट नाही शिवला. कमरेला एक इंच सैल दिलं, आत दोन बोटं माया ठेवली, आणि तिच्या आईला म्हटलं, घट्टच आहे हो. पोरीने घालून बघितला, आरशासमोर बसून बघितलं, उठून बघितलं. मग तिने श्वास सोडला. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ज्या पोरीला सैल द्यायला हवं होतं ती माझ्याजवळ नाही.

आता मला 'येऊ नकोस' म्हणायचं असेल तर म्हण. मी मावशीजवळ हट्ट करणार नाही.

आई


९ मे

गुंडी,

तुझं कार्ड मिळालं. पाचच ओळी, पण मी ते पंचवीस वेळा वाचलं असेल. "आई, मला माहीत होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ड्रेस उलटा करून बघितला. तू सांगशील म्हणून सात वर्षं थांबले. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ये, एक वाजता. काही शिवून आणू नकोस."

तू उलटा करून बघणार, हे मला तेव्हा सुचू नये? पुन्हा तेच. मी सगळ्यांच्या कपड्यांची आतली बाजू आधी बघते, आणि माझ्या पोरीला मात्र वरची बाजू दाखवून गप्प करायला निघाले होते. सात वर्षं तुला माहीत होतं आणि तू कुणाला, मावशीलासुद्धा, बोलली नाहीस. मी असते तर गाव गोळा केलं असतं.

सहा महिने व्हायला अजून दोन बाकी होते. तू सोडलेस. मी लक्षात ठेवीन.

तयारी जोरात आहे. आठ किलो उतरले, सरळ वजनकाट्यावर, बूट काढून. डॉक्टर म्हणाले, अजून चार, मग तारीख देतो. रोज एक पाव खाते, बसून. आता वीस मिनिटं लागतात. कधी कधी अर्ध्यावर पोट भरतं, तर उरलेला झाकून ठेवते. साठ वर्षांत पहिल्यांदा कळलं की पोट भरतं तेव्हा आतून कोणीतरी सांगतं. आपण फक्त ऐकायला बसलेलं असावं लागतं.

मावशीला बोलावून रंगीत तालीमही केली. तिला टेबलाशी बसवून समोर केक ठेवला आणि म्हटलं, खा, मी काही बोलणार नाही. भवानीने चार तुकडे खाल्ले, माझ्याकडे बघत बघत. पाचवा उचलला. मी मूग गिळून बसले. ती म्हणाली, "ताई, चेहरा बघ तुझा, फोडणीत टाकल्यासारखा झालाय." पण एक शब्द नाही गेला तोंडातून. मग हसून हसून दोघींचे डोळे ओले झाले. पाचवा तुकडा आम्ही अर्धा अर्धा खाल्ला, सावकाश.

चार मजले आहेत ना तुझ्याकडे? चढेन. प्रत्येक मजल्यावर थांबेन, पण चढेन. काही आणणार नाही. फक्त येईन, जेवेन आणि छोटीचं बोलणं ऐकेन.

आई


१ जून

गुंडी,

तू म्हणालीस, काही दिवस पत्रही नको. हे एक लिहिते आणि थांबते. निघताना तू मला जास्त बोलू दिलं नाहीस ते बरोबरच होतं. पण झालं ते मी जसं बघितलं तसं तुला कळायला हवं, नाहीतर तू म्हणशील आई परत टेपला दोष देईल.

तुझं घर छान आहे. खिडकीतल्या कुंड्या, जावईबापूंचा चष्मा भांड्यांच्या कपाटात, छोटीची चित्रं फ्रिजवर. तू पुढे येऊन माझी पिशवी घेतलीस तेव्हा तुझा हात माझ्या हाताला लागला. मला वाटलं, एवढ्यासाठी मी आठ मजले चढले असते.

तू सूप केलं होतंस, बटाटे भाजले होतेस, वाटाणे होते. मी सावकाश खात होते, काकडीबाईच्या हुकुमाप्रमाणे. खरंच चव लागत होती. बटाट्याची साल कुरकुरीत होती आणि आत मीठ नेमकं होतं, तुझ्या हाताला चव आहे हे मला आजवर माहीत नव्हतं, कारण मी तुला कधी स्वयंपाकघरात फिरकू दिलं नव्हतं. जावई म्हणाले, "आई, तुम्ही तर आमच्या छोटीसारख्या खाता." मी बघितलं, आणि खरंच की. छोटी बटाटा काट्यावर धरून फिरवून बघत होती. मग डोळे मिटून चावत होती. तुझी पोर. मी पाणी प्यायले, नाहीतर तिथेच रडले असते.

तिने दुसरा बटाटा घेतला. मी काही बोलले नाही. तिसरा घेतला. मी काही बोलले नाही. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि मला वाटलं तू थोडीशी हसलीस. मला वाटलं, जमलं.

मग ती लोण्यासाठी उठून टेबलावर वाकली. पिवळा फ्रॉक, तयार आणलेला, काखेत ओढत होता. आणि गुंडी, माझे डोळे तिच्या मापावर गेले. मी पाठवले नाहीत. चाळीस वर्षं दुकानात माणूस शिरलं की मी टेप उचलायच्या आधी त्याचं माप सांगते, गिऱ्हाइकं पैजा लावतात. तसेच गेले. उंची, खांदा, छाती तेवीस, कंबर बावीस. आणि मनात आलं, या वयाला एकवीस हवी.

एवढंच. तोंड बंद होतं. पुढच्या क्षणाला मी बशीकडे बघितलं. पण पोरीने माझ्याकडे बघितलं होतं. कुणी तिला आजवर एक शब्द बोललेलं नाही, तू बोलूच दिला नसशील, हे मला ठाऊक आहे. आणि तरी तिने पोट आत ओढलं. हळूच खुर्चीत बसली, फ्रॉक पुढून खाली ओढला, आणि अर्धा बटाटा तसाच ठेवून म्हणाली, "आई, माझं झालं."

तू सगळं बघितलंस. जावयांना काही कळलं नाही, ते म्हणाले, अगं तुझा आवडता ना? ती म्हणाली, पोट भरलं. तू उठून तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि तुझा चेहरा असा झाला, जसा त्या तपकिरी ड्रेसमध्ये झाला होता.

जिन्यात तू मला म्हणालीस, "तू काही बोलली नाहीस आई, मला माहितीये. तू खूप प्रयत्न केलास. पण मला ती तुझ्यासमोर बसवता येणार नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार होते? तू ओरडली असतीस तर मी भांडले असते, ते मला जमतं. तू माझा कोपर धरून मला पहिल्या सहा पायऱ्या उतरवून दिल्यास. ते मला सहन झालं नाही.

आज काकडीबाईकडे गेले होते. साडेआठ किलो. तिने शाबासकी दिली. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, बघणं कसं थांबवायचं ते शिकवता का? ती हातातलं पेन खाली ठेवून म्हणाली, ते मला येत नाही काकू. पोरगी खोटं बोलली नाही हे मला आवडलं.

घरी येऊन पाव घेऊन बसले. सांगितलंय तसं, दुसरं काही हातात न घेता. सगळं लक्ष घासाकडे. पण गुंडी, लक्ष देऊन खायला लागलं की सगळंच दिसतं. घास तोंडात फिरत राहिला. शेवटी पाण्याबरोबर गिळला.

ऑपरेशन करून घेईन. तुला यायला नको, मावशी आहे. मी परत कधी येऊ म्हणून विचारणार नाही, तुझी पोर तू सांभाळ, माझ्यापासूनही. तू माझ्यापेक्षा चांगली आई आहेस, हे मी बघून आले, आणि त्याचं मला सुख आहे. मनापासून सांगते.

फक्त एक. त्या दिवशी तू दार लावून घेतल्यावर मी लगेच खाली गेले नाही. तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिले, वरून काट्याचा, बशीचा काही आवाज येतो का ते ऐकत. कोणीतरी शेजारी खाली उतरत होते, त्यांना वाटलं मला धाप लागली, त्यांनी हात दिला आणि मला निघावं लागलं. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मी गेल्यावर तिने तो अर्धा बटाटा खाल्ला का? नुसतं हो किंवा नाही, मावशीजवळ सांगून ठेव.

आई